ओव्याचा सुळका

१

यंत्रात काहीही घातलेलं नव्हतं, तरी कागदावर सुळका उमटला होता. जयमालानं तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि शेजारी प्लास्टिकची एक इवलीशी डबी.

"मावशी, तुम्ही जन्मभर विषं ओळखली. हे काय आहे ते सांगा."

विषं ओळखली हे खरं. सरकारी प्रयोगशाळेत लोकांच्या पोटातून निघालेलं यंत्रात घालण्यात माझी नोकरी गेली. निवृत्त होऊन मलकापूरला परत आले, तर इथल्या लोकांना वाटतं शकूताई भेंडीसुद्धा पारखून देतील. जयमाला मात्र परकी नव्हे, मैत्रिणीची मुलगी. एमआयडीसीत तिचा छोटासा कारखाना आहे आणि डबीत होती ती वस्तू तिथेच बनते: शर्टाच्या बटणाएवढी, विटकरी रंगाची रबराची चकती.

दिसायला काही नाही. पण औषधं तपासायच्या यंत्राच्या तोंडाशी ही चकती बसवतात. सुई तिच्यातून आत जाते, थेंब सोडते आणि बाहेर येते. भोक आपोआप मिटतं. आत कढईतल्या तेलाहून जास्त ताप. त्या तापात या चकतीनं, म्हणजे सीलनं, वितळायचं नाही, गळायचं नाही आणि मुख्य म्हणजे स्वतःचं काही सोडायचं नाही. यंत्र रिकामं चालवलं तर कागदावर सरळ रेघ यायला हवी. इथे सुळका आला होता, म्हणून सीलं विकत घेणाऱ्या प्रयोगशाळेनं अख्खा माल परत पाठवला होता.

"त्यांनीच शोधून काढलं, सीलमधून थायमॉल येतंय म्हणून," जयमाला म्हणाली. "विहंगनं मोबाईलमध्ये नाव टाकलं. ओवा निघाला."

विहंग म्हणजे तिचा पुतण्या, कारखान्याचा केमिस्ट. त्याचा तपास तिथेच संपला होता. थायमॉल म्हणजे ओवा, ओवा म्हणजे बाळंतीण आणि बाळंतीण म्हणजे पॅकिंगमधली पूनम, कारण तिचं लेकरू जेमतेम तीन महिन्यांचं. शनिवारी तो तिला कामावरून काढणार होता. आज गुरुवार.

"तिनं घाण केली असा बोभाटा झाला तर दुसरं कोणी तिला उभं करणार नाही," जयमाला म्हणाली. "माझा जीव होत नाही हो, मावशी. पण प्रयोगशाळेला कारण द्यायलाच हवं. त्याशिवाय पुढचं काम मिळणार नाही."

"ओवा काय एकटी पूनमच खाते?"

जयमालानं डबीचं झाकण लावलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मधे ती काही दिवस रजेवर होती. परत आलेल्या मालातली त्या दिवसांची सगळी सीलं आम्ही पुन्हा तपासली. ती स्वच्छ निघाली."

२

कारखान्यात शिरतानाच मला अडवण्यात आलं.

"मॅडम, केसातलं फूल बाहेर. अन् डोक्याले तेल असन तं टोपी घाला."

हे उत्तमराव. भट्टी त्यांच्या ताब्यात. उंच, हाडकुळे, कपाळाला कायमची आठी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. माझं शेवंतीचं फूल त्यांनी असं उचललं की मला मेलेली पाल घालून आल्यासारखं वाटलं.

"दसऱ्याले मालकीणबाईले बी मी आत कापूर लावू देल्ला नाई," ते म्हणाले. "आरती गेटवर. रबराले वास चालत नाई."

माझी पंचाईत आधीच सांगून ठेवते. माझं नाक कोविडात गेलं ते परत आलं नाही. फोडणी करपली तरी मला धूर दिसल्यावर कळतं. तेव्हा वास घेत गुन्हेगारापर्यंत पोचायची सोय नव्हती. मला डोकंच चालवावं लागणार होतं.

कामाची रीत सोपी आहे. रबर साच्यात दाबून चकत्या करायच्या, धुवायच्या, ट्रेमध्ये मांडून रात्रभर भट्टीत ठेवायच्या. रबरात जे काही उडून जाण्यासारखं असेल ते त्या तापात उडून जातं. पहाटे उत्तमराव येऊन भट्टी बंद करतात. ट्रे निवले की ते भिंतीतल्या काचेच्या खिडकीतून पलीकडे सरकवतात. पलीकडे पॅकिंगची खोली, एसीनं गार ठेवलेली. तिथे पूनम आणि डिंपल पांढरे अ‍ॅप्रन घालून बसतात. भट्टीच्या खोलीची किल्ली उत्तमरावांकडे, विहंगकडे आणि जयमालाकडे. पॅकिंगच्या मुलींना तिकडे जायला मनाई.

पूनमला मी बाहेर बाकावर बसवलं. बारीक अंगाची पोर, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं.

"ओवा खाते मी, हाव," ती स्वतःच म्हणाली. "दूध यावं म्हनून. पन घरीच खाते. इथं हात धुऊन, मोजे घालूनच आत जाते. आता तं घरी बी बंद केला."

"बंद कशाला केलास?"

"सगळे माह्याकडं पाह्यते ना."

"बाळंतपणाला माहेरी गेली नव्हतीस?"

"मले माय नाई. सासरीच झालं. लेकरू सासूजवळ राह्यते." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "सासू चांगली हाये. पन तिच्यानं काय काय होईन?"

"आणि एवढ्या लवकर कामावर? आत बसून गार नाही लागत?"

"सकाळी अ‍ॅप्रन गरम राह्यते ना. तेवढा वेळ बरं वाटते. मंग सवय होते."

मी मान हलवली. घरी शेक घेतेस का विचारलं, तर ती नुसती हसली. पहाटे उठून लेकराचं, स्वयंपाकाचं पाहून बस पकडणारी बाई शेक कधी घेणार? मला तिची माया वाटू लागली होती, आणि तपास करणाऱ्या माणसाला ते बरं नसतं.

ती उठली आणि दोन पावलं जाऊन थांबली.

"मॅडम, एक सांगू? माह्या अंगाले ओव्याचा वास येते. मले बी येते. खाणं बंद केलं तरी येतेच."

३

शुक्रवारी सकाळी खिडकीतून ट्रे आले तसं मी प्रत्येक ट्रेमधलं एकेक सील चिमट्यानं उचललं. पूनमचा किंवा डिंपलचा हात लागण्याआधी.

"आजी, हे कशाला?" विहंग म्हणाला. आजी! मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो निमूटपणे कोपऱ्यातलं जुनं यंत्र चालू करायला गेला.

तपासण्या चालू होत्या तोवर मी डिंपलला गाठलं. ही गोल चेहऱ्याची, बोलघेवडी. पोटात काही राहत नाही असं तिनं स्वतःच सांगून टाकलं.

"पूनमच्या अ‍ॅप्रनले ओव्याचा वास येते, मॅडम. खोटं कायले बोलू? पन तिनं मुद्दाम केलं नाई हे मी कोनाच्या बी पाया पडून सांगन. तिले काढू नका."

"तुला करमणार नाही म्हणून?"

"मंग काय! त्या बर्फाच्या खोलीत एकटी काय करू मी? बोटं गोठते. सकाळी तं अ‍ॅप्रन घालाले जिवावर येते, इतका गार पडेल राह्यते."

मी अ‍ॅप्रनबद्दल आणखी विचारणार, तेवढ्यात विहंग कागद घेऊन आला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

खालच्या ट्रेंमधली सीलं स्वच्छ होती. सरळ रेघ. वरच्या दोन ट्रेंमध्ये मात्र तोच सुळका, कागदावर त्याच जागी.

"माल पाठवण्याआधी तू तपासतोस ना?" मी विचारलं. "कुठल्या ट्रेमधलं घेतोस?"

"खालच्या," तो पुटपुटला. "तो हाताशी येतो."

"छान. म्हणजे तुझ्या हाताच्या सोयीमुळे हे भूत निसटत राहिलं." मग मला त्याची दया आली. "बस. पाणी पी. आणि हे काय झालं ते नीट समजून घे."

ट्रे पॅकिंगच्या मुलींच्या हाती पडण्याआधीच सीलांत ओवा होता. म्हणजे तो भट्टीच्या खोलीतच लागत होता आणि पूनम त्या खोलीत कधी पाऊल ठेवत नव्हती.

"पण आजी... शकूताई," विहंग म्हणाला, "ती रजेवर असली की ओवा येत नाही. ते कसं?"

कोडं आता नीट मांडून झालं होतं. ती जात नाही त्या खोलीत, पण ती येते त्याच दिवशी.

४

भट्टीच्या खोलीत जाऊ शकणारी माणसं तीन. जयमाला सकाळी मुलांच्या डब्यांत असते, ती दुपारशिवाय येत नाही. विहंगच्या टेबलाचा खण मी त्याच्यादेखतच उघडला, आणि आत ओव्याच्या अर्काची अर्धी बाटली निघाली.

"गॅस होतो," तो कानांपर्यंत लाल होऊन म्हणाला.

"रोज घेतोस?"

"रोज. आई शप्पथ, भट्टीजवळ कधी नेली नाही."

मी बाटली परत ठेवली. रोज घेतोस तर पूनमच्या रजेतही घेतली असशील, आणि त्या दिवसांची सीलं स्वच्छ आहेत. दुसऱ्याच्या अंगावर ओव्याचा आळ घालणाऱ्या माणसाच्या खणात ओवाच निघावा, याची मौज मला वाटली. त्यालाही थोडी वाटली असावी, कारण तो पहिल्यांदाच हसला.

राहिले उत्तमराव.

ते दारात स्टुलावर बसून ट्रे पुसत होते. मी पूनमचं नाव काढताच आठी आणखी खोल गेली.

"तान्हं लेकरू घरी अन् पोरगी कामावर. शिकलेली मानसं तुमी, कोनी काही बोलत नाई. तीन महिने म्हंजे काय असते? अजून हाडं भरली नसतीन तिची."

"तुमचं तिच्याशी बोलणं होतं?"

"मी कायले बोलू? मायं काम भट्टीचं." ते ट्रे पुसत राहिले. "रजा पाह्यजे असन तं आदल्या दिवशी सांगून जाते, तेवढंच."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. ते एवढे घाईनं उठले की स्टूल कलंडलं. पडद्यावर एक तरुण मुलगी, तिच्यामागे खिडकीत पांढरंशुभ्र बर्फ आणि खांद्यावर झोपलेलं बाळ.

"प्रतीक्षा, कान काऊन उघडे तुये? बांध आधी. पायात मोजे हायेत का? दाखव."

"बाबा, घरात हीटर आहे."

"हीटरनं काय होते वं? दाखव पाय!"

मुलीनं हसत पाय दाखवला. तो पाहून झाल्यावरच उत्तमराव बाळाशी बोलले. फोन ठेवला तेव्हा कपाळावरची आठी कुठल्या कुठे गेली होती, पण डोळे ओले होते.

"पहिलं बाळंतपण मायीकडं व्हावं," ते म्हणाले. "माय नाई, तं बापाकडं. पन मले जाता आलं नाई, तिले येता आलं नाई. सामान धाडलं होतं. लाडू पोचले. बाकीचं परत आलं. बी-बियाणं चालत नाई म्हने तठी."

"भट्टी बंद केल्यावर दार उघडं ठेवता का हो?"

"किलकिलं. निवाले वेळ लागते."

"तेव्हा आत काही ठेवलेलं चालतं?"

"मायी भट्टी हाये, मॅडम," ते ताडकन म्हणाले. "चालू भट्टीत मी माह्या बापाले बी काही ठेवू देनार नाई."

चालू भट्टीत. रात्री झोपताना ते शब्द मला पुन्हा ऐकू आले आणि त्यांच्यापाठोपाठ दोन पोरींची दोन वाक्यं. मी अंथरुणात उठून बसले.

५

शनिवारी पोरींची बस यायच्या आधीच मी, जयमाला आणि विहंग कारखान्यात पोचलो. पॅकिंगच्या दाराबाहेर खुंट्यांवर धुतलेले दोन अ‍ॅप्रन टांगलेले होते.

"हात लावून पाहा," मी म्हटलं.

जयमालानं डिंपलच्या अ‍ॅप्रनला हात लावला. गारठलेला. मग पूनमच्या. तिनं हात मागे घेतला आणि पुन्हा लावला.

"हा गरम आहे, मावशी."

विहंगनं तो नाकाजवळ नेला. "ओवा," तो म्हणाला. मला अर्थातच काही कळलं नाही.

एवढ्यात पोरी आल्या आणि आम्हाला तिथे पाहून थबकल्या. भट्टीच्या दारात उत्तमराव उभे होते. शनिवारी काय होणार हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे पूनमनं पिशवी छातीशी धरली होती.

"पूनम, कोणी तुला काढत नाही," मी आधी सांगून टाकलं. कोडं सोडवण्याच्या नादात कोणाला ताटकळत ठेवणं मला पटत नाही. "ती भट्टीच्या खोलीत जात नाही. पण ती येणार असली की कोणीतरी तिच्यासाठी तिथे काहीतरी करतं. भट्टी तापलेली असताना नव्हे, कारण तेव्हा लागलेला ओवा उडून गेला असता. म्हणजे भट्टी बंद झाल्यावर, ती निवत असताना. त्या वेळी आत एक अ‍ॅप्रन ठेवला जातो, सगळ्यात वरच्या रिकाम्या कप्प्यात. त्याच्या खिशात ओव्याची पुरचुंडी असते, बाळंतिणीला शेकायला घेतात तशी. अ‍ॅप्रन खुंटीवर येतो तेव्हा पुरचुंडी काढून घेतलेली असते. डिंपलचा अ‍ॅप्रन गार असतो, पूनमचा गरम. दोघींनीही मला ते सांगितलं होतं. मीच कोणीतरी बाई शोधत बसले. असलं काम बाईच करणार, असं धरून चालले होते."

उत्तमरावांनी खिशात हात घातला आणि मलमलीची एक पुरचुंडी बाहेर काढली.

"पार्सल परत आलं," ते म्हणाले. "एवढा ओवा घरी. काय करू त्याचं? अन् इथं हे पोरगी थरथर कापत आत जाये. मानसानं पोरीले कसं विचारावं, गार लागते का म्हनून? लोक काय म्हनतीन? म्हटलं, अ‍ॅप्रन तं गरम करता येते." मग ते माझ्याकडे वळले. "पन भट्टी बंद होती, मॅडम! ताप नाई तं रबराले काय लागते?"

"तापताना रबर आतलं बाहेर टाकतं, उत्तमराव," मी म्हटलं. "निवताना आजूबाजूचं आत ओढून घेतं. तेव्हाच ते जास्त जपावं लागतं."

त्यांनी भट्टीकडे पाहिलं, मग हातातल्या पुरचुंडीकडे. आयुष्यभर ज्या भट्टीपाशी कोणाला फुलाची पाकळी नेऊ दिली नाही, ती त्यांनीच नासवली होती. शिवाय ज्या पोरीसाठी केलं तिच्यावरच आळ आणला होता.

"मले काढा," ते शेवटी जयमालाला म्हणाले. "हिले नका काढू."

जयमाला रडत होती.

पूनमनं पिशवी खाली ठेवली. ती पुढे झाली आणि खुंटीवरचा अ‍ॅप्रन काढून दोन्ही हातांत धरला.

"मले वाटलं," ती म्हणाली, "इथं सगळ्यायचेच गरम राह्यते."

६

कोणालाच काढलं नाही. प्रयोगशाळेला काय कळवायचं असं विहंगनं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, खरं ते कळव. निवताना भट्टीत ओवा होता, आता नसेल, आणि तपासणी प्रत्येक ट्रेची होईल. ओवा कोणी कोणासाठी ठेवला हे त्यांनी विचारलेलं नाही.

रविवारी सुट्टी असूनही विहंग कारखान्यात होता. त्यानं जुनं लाकडी कपाट आणून गेटजवळ उभं केलं, आत बल्ब बसवला आणि दोन खुंट्या ठोकल्या. एक पूनमची, एक डिंपलची. डिंपलचं म्हणणं, दोन महिने आपण उगाच गारठलो. विहंगनं पूनमची माफी मागितली ती मात्र फारच वाईट मागितली, अर्धं बोलून पळालाच. पण मागितली.

उत्तमरावांचं तेवढं जमेना. ते पूनमसमोर यायचं टाळू लागले. ट्रे सरकवून लगेच खिडकी बंद करत.

नवी सीलं तपासली त्या दिवशी मी तिथेच होते. वरचे ट्रे, खालचे ट्रे, सगळीकडे सरळ रेघ. मी कागद घेऊन उत्तमरावांना दाखवायला गेले. जेवणाची सुट्टी होती. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी पाय दाखव म्हणून सुरुवात केली आणि समोर पूनमला पाहून थांबले.

ती सरळ त्यांच्याजवळ गेली. "द्या," म्हणाली आणि फोन हातात घेतला.

"ताई, मी पूनम. बाबायच्या इथं काम करते."

"तूच का ती!" पलीकडून आवाज आला. "बाबांनी काल सांगितलं सगळं. फार वाईट वाटून घेतलंय गं त्यांनी. मीच त्यांना म्हटलं होतं, परत आलेला तो ओवा टाकून द्या म्हणून. एवढ्या लांब पाठवला आणि पोचलाच नाही."

पूनमनं उत्तमरावांकडे पाहिलं. मग तिनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"पोचला, ताई," ती म्हणाली. "मले पोचला."

उत्तमरावांनी आमच्याकडे पाठ केली आणि काचेची ती खिडकी, सकाळीच पुसलेली, पुन्हा पुसायला घेतली.